मागच्या बाकावरच्या आजींना

गेल्या रविवारी बॉस्टनच्या एका एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन पंथाच्या, चर्चमध्ये आम्ही पहिल्यांदाच गेलो. मी नगरच्या चर्चमध्ये वाढलेली, उपासना काही नवी नाही. पण इथे 1979 चं प्रार्थनापुस्तक, 1982 चं गीतपुस्तक आणि वर छापील पत्रक! पान सापडेपर्यंत सगळे उभे. त्यात लेकीनं भोकाड पसरलं. उठून जाणार, तोच मागच्या आजी शेजारी येऊन बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. ओळीवर बोट ठेवलं, आणि शेवटपर्यंत ते सरकवत राहिल्या. रुमालाला गाठी मारून लेकीला उंदीर करून दिला. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकले तेव्हा मात्र कुजबुजल्या, “प्याल्याला ओठ लावायचे नसतील, तर भाकर बुडवली तरी चालते.” नाव विचारायचं राहिलंच. आजी, मनापासून आभार. उंदीर आमच्याकडेच आहे; गाठी सोडू देत नाही ती.