प्रभात फक्त मालकांची नव्हती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत प्रभात फिल्म कंपनीवर आलेला लेख वाचला. फोटो सुरेख होते. मजकूर मात्र नेहमीच्याच वाटेने गेला: कोल्हापुरात पाच जण एकत्र आले, पुण्यात आले, मोठमोठे चित्रपट काढले, मग दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंचं बिनसलं, ते निघून गेले आणि कंपनी बुडाली. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझे वडील प्रभातच्या सेटिंग खात्यात, म्हणजे सेट उभारणाऱ्या खात्यात, सुतार होते. मी स्वतः मुंबई दूरदर्शनला प्रकाशयोजनेत नोकरी करून निवृत्त झालो, आणि नोकरीत असताना प्रशिक्षणासाठी प्रभातच्याच जुन्या आवारात राहून आलो. लेखात जे राहून गेलं ते लिहितो. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त सुतारांचा भाग ठेवा.

१ जून १९२९ ही स्थापनेची तारीख लेखात बरोबर आहे. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ, पैशाची बाजू त्यांची. इथपर्यंत सगळेच लिहितात. पण हे लोक मुळात होते कोण? दामले आणि फत्तेलाल पडदे रंगवणारे, हाताने काम करणारे कारागीर. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्यावर अवलंबून न राहता स्वतःचा कॅमेरा बनवला, त्या खटपटीत दामले त्यांच्याबरोबर होते. सिनेमा शिकवणारी शाळा तेव्हा नव्हतीच. यंत्र उघडायचं, बघायचं, पुन्हा जोडायचं, हीच शाळा. बोलपट आले तेव्हा ध्वनिमुद्रणाचं यंत्र दामल्यांनी असंच अंगावर घेतलं आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पासून प्रभातचा आवाज त्यांच्या हाताखालून गेला. वडील त्यांना दामलेमामा म्हणत आणि फत्तेलालांना साहेबमामा. मालकाला मामा म्हणणारी कंपनी आज कुणाला खरी वाटणार नाही. पण हे मामा स्वतः रंधा उचलून दाखवणारे होते, त्यामुळे त्यांच्यासमोर कामचुकारपणा करायची सोय नव्हती, असंही वडील म्हणत.

१९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. आज ज्याला प्रभात रोड म्हणतात त्या भागात तेव्हा वस्ती अशी नव्हतीच. तिथे चित्रीकरणाचे मोठे मंच, फिल्म धुण्याची रसायनशाळा, संकलनाच्या खोल्या, तळं, सगळं एका आवारात उभं राहिलं. ते तळं अजून आहे. सुतार, रंगारी, शिंपी, साचे काढणारे मोल्डर, विजेची माणसं, नट, वादक, सगळे महिन्याच्या पगारावर. चित्रपट सुरू असो वा नसो, पगार ठरलेला. इतकी खाती एका छपराखाली कायम नांदत असल्यामुळे एका चित्रपटात शिकलेली गोष्ट दुसऱ्यात कामी येत असे. प्रभातचं मोठेपण मला यात दिसतं. दिग्दर्शक मोठे होतेच, पण तसे दिग्दर्शक इतर ठिकाणीही होते.

आता सेटिंगचं. प्रभातचे बहुतेक बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघत. प्रेक्षकाला ते दोन चित्रपट. सुताराला एकच सेट. मराठीचा शॉट झाला की त्याच जागी हिंदीचा. 'अमृतमंथन'मध्ये राजगुरू मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन. चंद्रमोहनचे डोळे सगळ्यांच्या लक्षात राहिले, पण दोघे उभे होते ते एकाच खांबाला टेकून. 'शेजारी'त तर याहून मजा होती: मराठीत गजानन जागीरदारांनी मिर्झा केला आणि केशवराव दात्यांनी पाटील, आणि 'पडोसी'त मिर्झा जागीरदारच राहिले पण त्यांचा हिंदू शेजारी झाला मझहर खान. लेखात या चित्रपटाचा एका ओळीत 'ऐक्याचा संदेश' म्हणून निकाल लावलाय. संदेश होताच, पण मुसलमान नटाने हिंदू आणि हिंदू नटाने मुसलमान व्हायचं हे १९४१ साली ठरवणारी माणसं कशी असतील, याचाही विचार व्हायला हवा होता. तर दोन भाषांमुळे सेटिंग खात्याला एक नियम लागू असे. मराठीत जे फुटणार, जळणार किंवा मोडणार, ते हिंदीसाठी तसंच्या तसं तयार हवं. दाराची फळी तुटायची असेल तर फळ्या दोन, आणि दोन्हींची चीर एकाच जागी. वडिलांना घरात कपाट करायला सांगितलं तरी ते आधी विचारत, 'एकच ना?'

'संत तुकाराम' १९३६ चा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांना लोक रस्त्यात नमस्कार करत, हे सगळं लेखात आहेच. शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं 'आधी बीज एकले' लोकांनी तुकोबांचाच अभंग म्हणून स्वीकारलं, हेही आहे. मला त्या घराबद्दल सांगायचंय. तुकोबांचं घर सेटवरचं म्हणजे नव्या लाकडाचं, आणि नवं लाकूड कॅमेऱ्याला लगेच कळतं. असं लाकूड जुनं करायची रीत वडिलांनी मला करून दाखवली होती. तारेच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासत राहायचं. मऊ भाग निघून जातो, कठीण रेषा वर राहतात. मग काजळी आणि तेलाचा हात. मग जिथे माणसाचा हात रोज लागेल, म्हणजे कडी, चौकटीची आतली कड, उंबऱ्याचा मधला भाग, तेवढीच जागा फडक्याने चोळून गुळगुळीत करायची. बाकीची नाही. 'घरात राहणारा माणूस कुठे हात टेकतो ते आधी बघ,' हे साहेबमामांचं सांगणं, असं वडील सांगत. दूरदर्शनला लाइट लावताना मला त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याही पुस्तकाचा झाला नाही.

'कुंकू'बद्दलही असंच. पार्श्वसंगीत न वापरता प्रसंगातलेच आवाज वापरायचे, हे धाडस शांतारामबापूंचं म्हणून सांगितलं जातं, आणि ते त्यांचंच. पण ते पार पडलं ते ध्वनीच्या खात्यामुळे. संगीत काढलं की खुर्ची सरकल्याचा आवाजसुद्धा उघडा पडतो.

सगळं गोडच होतं असं नाही. शांता आपट्यांनी १९३९ मध्ये कंपनीच्या फाटकाशी उपोषण केलं, ते करारावरून. 'कुंकू'ची नायिका आपल्याच कंपनीच्या दाराशी उपाशी बसलेली! वडील हा प्रसंग सांगताना नेहमी खालच्या आवाजात सांगत, जणू मालक अजून ऐकताहेत. महिन्याच्या पगाराची पद्धत सुताराला आधार होती, पण जिच्या नावावर तिकिटं खपत होती तिला तीच पद्धत काचत होती. अभिनेत्री दुर्गाबाई खोट्यांनी तर एका कंपनीशी बांधून न घेता काम करायचा रस्ता आधीच धरला होता. कंपनी का संपली याचं उत्तर मला इथे दिसतं, भागीदारांच्या भांडणापेक्षा जास्त.

शांतारामबापू १९४२ मध्ये गेले आणि मुंबईत परळला स्वतःचं राजकमल स्टुडिओ उभं केलं, हा घाव मोठा होता, नाकारत नाही. कोणाच्या लग्नावरून काय झालं ते लेखकाने पुरेसं लिहिलंय, मी त्यात पडत नाही. पण त्यानंतरही 'रामशास्त्री' १९४४ मध्ये याच आवारातून निघाला, तो काही बुडणाऱ्या कंपनीचा चित्रपट वाटत नाही. देव आनंदचा पहिला चित्रपट १९४६ चा, प्रभातचाच. गुरुदत्तही त्याच सुमारास इथे नोकरीला. मग झालं काय? युद्धात कच्ची फिल्म नियंत्रणात गेली. मुंबईत युद्धाचा पैसा आला, एकेक चित्रपट काढणारे निर्माते उगवले आणि नटांना एकरकमी मोठे आकडे देऊ लागले. महिन्याच्या पगारावर चालणारी कंपनी त्यांच्याशी कशी टक्कर देणार? नट गेले, आणि शेकडो कारागिरांचा पगार मात्र दर महिन्याला उभा. त्यात १९४५ मध्ये दामलेमामा गेले. १९५३ मध्ये कंपनी बंद झाली. असंच कलकत्त्याच्या न्यू थिएटर्स या चित्रपट कंपनीचं झालं, मुंबईच्या बॉम्बे टॉकीजचंही. तिथे तर शांतारामबापू नव्हते! वडिलांनी त्यानंतर पेठांमधल्या घरांत कपाटं आणि देव्हारे केले.

लेख १९५३ ला थांबतो. माझ्या मते अर्धी गोष्ट तिथून पुढे आहे. केंद्र सरकारने ते आवार घेतलं आणि १९६० मध्ये तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. पहिले प्रमुख कोण? गजानन जागीरदार. ज्या मंचांवर ते मिर्झा आणि रामशास्त्री झाले होते, तिथेच ते आता पोरांना शिकवायला आले. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच निघालं आणि पी. के. नायर यांनी देशभरातून फिल्मचे डबे गोळा केले. १९७१ मध्ये दिल्लीत सुरू झालेला टेलिव्हिजन प्रशिक्षणाचा विभाग १९७४ मध्ये पुण्याला या आवारात आला. आम्ही दूरदर्शनवाले तिथे पोचलो ते त्यामुळे.

पहिल्या दिवशी मी प्रभातच्या जुन्या मंचावर जाऊन वर बघत उभा राहिलो. लाइट लावणाऱ्या माणसाची नजर आधी छताकडेच जाते. केवढी उंची! आमच्या मुंबईच्या स्टुडिओत दिवे टांगायचे म्हणजे डोक्याला लागणार नाहीत ना ही चिंता. फिल्मची मुलं एकेका शॉटसाठी लाइट लावत. एक बेबी (छोटा दिवा) इकडे, एक सोलर (मोठा दिवा) तिकडे, मग कटर (उजेड अडवणारी फळी), मग अर्धा तास चर्चा. आमच्याकडे तीन कॅमेरे एकदम चालणार, म्हणजे माणूस कुठूनही दिसला तरी चेहरा उजळ हवा आणि मागच्या पडद्यावर सावली नको. ते आम्हाला म्हणत, तुम्ही भांडी घासल्यासारखं सगळं चकचकीत करता. आम्ही म्हणायचो, तुमचा एक शॉट होईपर्यंत आमच्या बातम्या संपतात. चिडवाचिडवी व्हायची, पण कँटीनला एकत्रच. रात्री वडिलांना सांगितलं की टीव्हीचे कॅमेरे पाहिले, तर त्यांनी विचारलं, 'सेट कशाचे करता?' मी म्हटलं, बहुतेक फ्लॅट, म्हणजे उभ्या सपाट चौकटी, आणि थर्माकोल. त्यावर ते काही बोलले नाहीत.

आणि प्रभात माझ्या पिढीला भेटली ती टीव्हीवरच. दामल्यांच्या पुढच्या पिढीने ते चित्रपट जपले, म्हणून ते दूरदर्शनपर्यंत पोचले. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा; सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही दिसायचा. 'संत तुकाराम' लागला तेव्हा आमच्या खोलीत अख्खा वाडा जमला होता. बाया पागनीसांना हात जोडत होत्या आणि वडील माझ्या कानाशी, 'ती चौकट बघ. ती बघ, गेली.'

जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेट या जुन्या ज्वलनशील फिल्मवरची रिळं गेली, त्यात प्रभातचीही होती. नायट्रेट फिल्म जळताना स्वतःच प्राणवायू सोडते, पाण्याने विझत नाही. म्हणून ती थंड आणि वेगळी ठेवावी लागते. ज्या चित्रपटांच्या प्रती सहज पेट न घेणाऱ्या सेफ्टी फिल्मवर आधीच काढून झाल्या होत्या ते टिकले. चित्रपटाची निदान प्रत निघते. सुताराचं माप, रंगाऱ्याची वही, पगाराची चिठ्ठी, यांची प्रत कुणी काढलेली नसते.

१ जून २०२९ ला प्रभातला शंभर वर्षं होतील. तेव्हा पुरवण्या निघतील, आणि त्यात हेच पाच फोटो असतील. माझी विनंती आहे की आपल्या दैनिकाने आतापासूनच एक छोटं सदर ठेवावं. प्रभातच्या रसायनशाळेत, शिवणखात्यात, वाद्यवृंदात, विजेच्या खात्यात कुणाचे आजोबा, पणजोबा होते, कुणाच्या माळ्यावर काय पडलंय, ते वाचकांना विचारावं. कोल्हापुरातही विचारा, पुण्याला आलेली पुष्कळ माणसं तिकडचीच. जे जमेल ते संग्रहालयाकडे द्यावं, कारण तिथे जपायची माणसं आणि जागा आहे. सुरुवात माझ्यापासून करा. माझ्याकडे वडिलांची मापांची एक वही आहे, बरीचशी पेन्सिलीत, आणि चित्रपटगृहात विकायच्या गाण्यांच्या पुस्तिका. झेरॉक्स नाही, मूळच देईन. रीतसर पोच मात्र लेखी हवी.

आपला,
एक निवृत्त दूरदर्शन कर्मचारी,
पुणे