पांढरी चार

प्रिय विन्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून तू मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या असशील, त्या सगळ्या पोचल्या. तब्येत ठीक. साखर आटोक्यात, कानाला मशीन लावा म्हणतात, मी लावत नाही. झालं तब्येतीचं.

लिहायचं कारण गाडी. मागचा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा, शेवटी उतरवून बांधून घेतला. बेअरिंगं नवी, सील नवी, आतले थ्रस्ट वॉशर नवे. क्राउन-पिनियन (आतलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं) मात्र जुनीच जोडी. जुनी गुरगुर गेली, गाडी सुटताना व्हायचा तो खट्ट आवाजही गेला. पण आता ती गाते. ॲक्सिलरेटर दाबलेला असला की चूप. पाय उचलला की 50 ते 65 च्या मध्ये एक बारीक, सरळ सूर लागतो आणि वेगाबरोबर खाली उतरत जातो.

घरात कुणालाच तो ऐकू येत नाही. चिरंजीव म्हणतात टायर. ज्याने बांधला तो मिस्त्री म्हणतो, "साहेब, तुमचे कान वाजतायत." आणि ते मशीनचं प्रकरण असल्यामुळे मला ठासून बोलायची सोय नाही. फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं, त्यात नुसता वारा. या बाबतीत तुझ्या कानांवर माझा माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे, हे एकदाच लिहितोय, कुणाला दाखवू नकोस.

मग मी काय केलं, तर पेटी काढली. हसू नकोस. 60 ला जो सूर ऐकू येतो तो डोक्यात धरून घरी आलो आणि पेटीवर शोधला. पांढरी चार, जेमतेम खाली. आता हिशेब बघ. चाकाचा घेर साधारण 2 मीटर, म्हणजे 60 च्या वेगाला चाक सेकंदाला 8 हून थोडे जास्त फेरे घेतं. आपल्या क्राउनला 41 दात. गुणाकार कर, सेकंदाला साधारण 340 टकरा. पांढरी चार सेकंदाला 349 कंपनांची. म्हणजे दात दाताला भेटतानाचाच हा आवाज! वाजणारे कान असे पाढे पाठ करून वाजत नाहीत. पिनियनला 9 दात, तेव्हा त्याचे फेरे या टकरांच्या नवव्या हिश्शाने, म्हणजे सेकंदाला 38 च्या आसपास. त्याची नुसती घरघर होईल, सूर लागायचा नाही.

टायर तर मी आधीच बाद केला होता. टायरला काय कळतंय पाय पेडलवर आहे की नाही? चाकाच्या बेअरिंगचंही तेच, शिवाय ते असतं तर गाडी डावी-उजवी झुलवल्यावर आवाज बदलला असता. त्याच वेगाला तिसऱ्यात आणि चौथ्यात सूर एकच, तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स सुटले. डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर सरळ रस्त्यावर एकमेकांवर फिरतच नाहीत, ते बोलले असते तर वळणावर. (तू त्या वेळी घाटभर "टायर, टायर" करत होतास आणि निघालं काय ते तुला माहीत आहे. मी तो विषय काढणार नव्हतो.)

आता खरी काळजी. पाय उचलल्यावर दाताची दुसरी बाजू टेकते, आणि पिनियनवरचा जोरही उलटतो: ओढताना ते बाहेर ढकललं जातं, सोडल्यावर क्राउनकडे आत खेचलं जातं. पिनियनच्या बेअरिंगांचा प्रिलोड, म्हणजे बसवतानाच दिलेला ताण, कमी पडला असेल तर तेवढ्यात ते सरकतं आणि गातं. हे निघालं तर मी पेढे वाटीन, कारण नवा स्पेसर (बेअरिंगांमधली चेपणारी नळी) घालून पिनियनचा नट नीट बसवला की प्रश्न मिटतो. पिनियनच्या बाहेरच्या टोकाची फ्लँज धरून मी ओढलं, ढकललं. हाताला काही लागत नाही, पण हाताला लागेपर्यंत वाट बघायची नसते.

दुसरी शक्यता मला झोपू देत नाही. ही जोडी इतकी वर्षं एका विशिष्ट खोलीवर, म्हणजे पिनियन क्राउनकडे जितकं आत बसलं होतं तिथे, झिजत गेली. नव्या बेअरिंगांनी आणि शिमांनी (मधल्या पातळ चकत्यांनी) पिनियन केसभर जरी पुढेमागे झालं असेल, तरी जुनी झीज आता भलत्या ठिकाणी भेटतेय. मिस्त्रीच्या कागदावर बॅकलॅश, म्हणजे दाता-दातामधली मोकळीक, 0.15 मिलिमीटर, अगदी गोंडस. पण बॅकलॅश बरोबर आला म्हणजे खोली बरोबर आली असं नाही. दातांना रंग लावून ठसा पाहिला का, विचारलं, तर म्हणाला, "पळू द्या, आपोआप बसेल." बेअरिंगं थोडी सैलावतात, मान्य, पण दातांचा सूर पळवून बसत नाही, पळवून दातच कामातून जातात.

आणि उघडायचा म्हटलं तर जोडी बिघडली की संपलं. एकाच जोडीचे म्हणून एकत्र घासलेले दात, दुसरं क्राउन आणून भागत नाही. अण्णा असते तर एव्हाना गाडीखाली झोपले असते.

मोऱ्या परवा आला होता. सीलला जरा ओल दिसली तर पठ्ठ्या पाना घेऊन नट आवळायला निघाला! स्पेसर एकदा जास्त चेपला की नट मागे घेऊन काही होत नाही, हे त्याला अजून पटलेलं नाही. मी पाना लपवला. बघितलं तर ब्रीदर (डब्याची हवा जायची नळी) तुंबला होता, म्हणून आतला दाब तेल बाहेर ढकलत होता. ऑइलवरून तुमचं दोघांचं जुनं भांडण मात्र त्याने पुन्हा उकरलंच, तुझी बाजू मी घेतली नाही.

तुझ्या नातीचं कळलं, छान. घराचा वाद मिटला का? मोतीबिंदूचं उरकून टाक, टाळू नकोस.

तर असं ठरवलंय. तेल काढून चुंबकाला काय चिकटतं ते आधी बघतो. धातूची चकाकी दिसली तर डिफरन्शियल उघडायचाच, त्यात चर्चा नाही. नाही दिसली तर तू ये, मागच्या सीटवर बस आणि मी 60 ला पाय उचलला की काय ऐकू येतं ते सांग. तुला काहीच ऐकू आलं नाही तर मशीन लावीन म्हणतो.

तुझा,
बंड्या

ता.क. बॅकलॅश मोजायचा डायल गेज तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस, वहिनींनी कपाटात पाहिलाय. स्टँडसकट आण.