सी-१८ कॉलमवर ट्रायग्लिसराइडची शिखरे दुभंगत असल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सी-१८ कॉलम (२५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन) बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आपण पाठवलेला वरील कॉलम (द्रव क्रोमॅटोग्राफीत तेलातील ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबीचे रेणू, वेगळे करणारी नळी; आतल्या भरणावर १८ कार्बनच्या साखळ्यांचा थर) पहिल्या इंजेक्शनपासूनच सदोष आहे. आमची चाचणी अशी: वाहक द्रावक ॲसिटोन-ॲसिटोनायट्राइल ५०:५०, प्रवाह मिनिटाला १ मिली, तापमान २५ अंश, अपवर्तनांक डिटेक्टर. ॲसिटोनमधले ५ टक्के तेल ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून १० मायक्रोलिटर. एवढ्यावर जुना कॉलम ओओओ (ट्रायओलीन, तीन ओलिक आम्लांचे ट्रायग्लिसराइड) आणि पीओओ (एक पामिटिक, दोन ओलिक आम्लांचे) वेगळे दाखवतो. नव्यावर आलेखात दोघांचा मिळून एक रुंद ढिगारा येतो.

दोन्हींची समतुल्य कार्बन संख्या, म्हणजे आम्लांचे एकूण कार्बन वजा दुहेरी बंधांची दुप्पट, ४८ (ओओओचे ५४ वजा ६, पीओओचे ५२ वजा ४), म्हणून ती जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात, त्यामुळे ही जोडी अवघड आहे हे आपल्या तंत्रज्ञांचे म्हणणे खरे. पण शुद्ध ट्रायओलीन एकटे सोडले तरी नव्या कॉलमवर त्याला दोन माथे फुटतात. जुन्यावर तेच द्रावण एकच सरळ शिखर देते. मग यात जोडीचा काय संबंध?

शिखरे येण्याची वेळ जुन्या कॉलमइतकीच आहे, म्हणजे सी-१८ थर ठीक असावा. दाबही नेहमीचाच, त्यामुळे फ्रिट (कॉलमच्या टोकाची जाळी) तुंबल्याची शक्यता कमी. लवकर येणाऱ्या शिखरांनाही खांदा (बाजूला फुगवटा) आहे. फेरूल (नळी घट्ट धरणारी जोडकडी) नव्याने बसवून, नळी तळाला टेकल्याची खात्री करूनही फरक पडला नाही. कॉलमच्या तोंडाशी भरण खचून पोकळी झाली आहे, असाच याचा अर्थ आम्ही लावतो.

आपल्या फोनवरील सल्ल्याबद्दलही नाराजी नोंदवतो. '९० टक्के पाण्याने धुवा' असे सांगण्यात आले. चरबीच्या कामातल्या कॉलममध्ये पाणी सोडले तर आत उरलेली ट्रायग्लिसराइड तिथेच साचतात. धुवायचा तर आयसोप्रोपॅनॉलने, किंवा टेट्राहायड्रोफ्युरानने. टेट्राहायड्रोफ्युरान वापरायचे तर पीक (PEEK) प्लास्टिकच्या नळ्या काढून स्टीलच्या लावल्यावर, कारण हे प्लास्टिक त्यात फुगते. पाण्याचा सल्ला आम्ही पाळला नाही, म्हणून हमी नाकारू नये.

प्रमाणपत्रावर फक्त बॅच क्रमांक आहे, या कॉलमची स्वतंत्र चाचणी नाही. बदली कॉलम दुसऱ्या बॅचचा हवा. त्याच्यासोबत त्याच कॉलमवर ॲसिटोन-ॲसिटोनायट्राइलमध्ये काढलेला ट्रायओलीनचा क्रोमॅटोग्राम पाठवावा. युरासिल-टोल्युइन या नेहमीच्या नमुना-मिश्रणाच्या चाचणीवर आमचे काम भागत नाही. परतीचा वाहतूक खर्च आपण सोसावा.

दोन्ही कॉलमचे क्रोमॅटोग्राम सोबत जोडले आहेत.

आपले विश्वासू,
तेल-मेद विश्लेषण विभाग