विस्मरण असलेल्यांना घेऊन विमानाने जाताना

सभासदहो, नमस्कार.

दिवाळीत मुलांकडे जाणाऱ्यांपैकी कोणासोबत डिमेन्शिया किंवा स्वमग्नता असलेली व्यक्ती असेल, तर निघण्याच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवून मदत मागा. नुसती व्हीलचेअर मागू नका, ‘डीपीएनए’ हा त्यांचा संकेतही सांगा. शरीर धडधाकट असलं तरी समजुतीसाठी आधार लागतो, हे त्यातून पोचतं.

वरून न दिसणारी अडचण असलेल्यांना कर्मचाऱ्यांनी ओळखून मदत करावी म्हणून गळ्यात घालायची सूर्यफुलांची हिरवी गळपट्टी २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. आता दिल्ली आणि बंगळूरूलाही ती ओळखतात.

खरी कसोटी सुरक्षा तपासणीत लागते. पडद्याआड अनोळखी बाई अंग चाचपते म्हटल्यावर माझी आई बिथरली, रडू लागली. परतीच्या वेळी तिथल्या महिला जवानाला मी आधीच सांगितलं, “त्यांना विसर पडतो, हात लावण्यापूर्वी बोलून सांगा.” दोन मिनिटांत झालं. हे आधी सांगणं कृपा करून टाळू नका.

गोळ्या आणि रोजची शाल हातातल्या पिशवीतच ठेवा. त्यांना खिडकीशी बसवा, तुम्ही शेजारी बसा.

ज्यांची तिकिटं निघाली आहेत त्यांनी मला कळवा. फोनवर काय बोलायचं ते लिहून देते.