पॉपीच्या मोकळ्या जागेत

लेस्टर (इंग्लंड), ५ सप्टेंबर

ती. अण्णा आणि आईस साष्टांग नमस्कार,

आम्ही सगळे खुशाल. आईने बागेचं विचारलं होतं, ते फोनवर बोलायचं राहिलं, म्हणून लिहिते.

जूनमधल्या लाल पॉपीचे फोटो तुम्ही पाहिलेत. जुलैत तिची पानंसुद्धा वाळतात आणि वाफ्याच्या मधोमध नुसती माती उरते. पण झाड मेलेलं नसतं. मूळ खोल असतं आणि थंडीच्या तोंडावर त्याला पुन्हा पानं फुटतात, त्यामुळे तिथे खणायचं नाही. थोडं अंतर सोडून उंच वाढणारं काहीतरी लावायचं, म्हणजे जागा झाकली जाते.

नर्सरीत सध्या पँझीचे ट्रे मांडलेत. स्वस्त आहेत, पण दरवर्षी नवे आणावे लागतात. मला कायमचं झाड हवं होतं, म्हणून अ‍ॅस्टर घेतलं. अण्णा, यातल्या न्यूयॉर्क अ‍ॅस्टरवर भुरी फार येते. तुमच्या द्राक्षावरच्या भुरीची बुरशी वेगळी, पण पानांवरची पांढरी पूड अगदी तशीच. इथे घरच्या बागेत गंधक मारत बसायची माझी तयारी नाही. न्यू इंग्लंड अ‍ॅस्टरला ती सहसा लागत नाही, आणि आमच्या चिकण मातीतही ते तग धरतं. मी घेतलेलं चार फुटांपर्यंत जातं, फुलं थेट राणी रंगाची! आपल्या शेवंतीप्रमाणे हेही रात्र वाढू लागली की फुलतं. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असायचा, आता आठच्या आत अंधारतं.

त्याची खालची पानं मात्र लवकर वाळतात आणि नुसत्या काड्या दिसतात. म्हणून पुढे सेडम लावणार आहे. आई, हे आपल्या पानफुटीच्या कुळातलं, तशीच जाड रसाळ पानं. फुलांचे झुबके आधी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे हिरवट, मग गुलाबी, शेवटी विटकरी होतात. नर्सरीत सगळ्या मधमाश्या त्याच्यावरच होत्या, ते बघूनच मी ठरवलं. त्याला पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून मातीत बारीक खडी मिसळेन.

माती अजून उबदार आहे तोवर मुळं धरतात, त्यामुळे या शनिवारीच लावते. फुलली की फोटो पाठवेन.

अण्णा, फळछाटणी कधी धरताय? पाऊस उघडला का, ते कळवा.

तुमची,
सुमा