अग्निशमन दलाच्या सरावाविषयी काकांस पत्र

न्यू जर्सी

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पोहोचले. निवृत्तीनंतरही नगरपालिकेने जवानांच्या उजळणी वर्गासाठी आपल्यालाच बोलावले, हे वाचून आम्हा सर्वांना फार आनंद झाला. जवान ड्रिलला उभे राहतात, सांगितलेले बिनचूक करतात, पण त्यांचे मन त्यात नसते, असे आपण लिहिले आहे आणि इकडे यावर काय करतात, ते विचारले आहे. न्यू जर्सीतील बहुतेक अग्निशमन दले आमच्यासारख्या स्वयंसेवकांवर चालतात. दिवसभर नोकरी करून आलेल्या माणसांना संध्याकाळी सरावाला उभे करायचे असल्यामुळे या प्रश्नाचा विचार येथे सतत होत असतो; म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मते, ज्या सरावाचे उत्तर जवानाला आधीच ठाऊक असते, तो सराव कंटाळवाणा होतो. हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा रस्त्यावरचा नळ, कोठे आहे, शिडी कोणत्या भिंतीला लावायची, नोझल कोणाच्या हाती जाणार, हे सारे ठरलेले असेल तर शरीर हालचाल करते आणि बुद्धी घरी राहते. त्यामुळे आमचे कॅप्टन नेहमीच्याच ड्रिलमध्ये एक गोष्ट न सांगता बदलतात. कधी पहिला हायड्रंट बंद आहे असे ऐन वेळी जाहीर करतात, तर कधी आत गेलेल्या जोडीतील एकाला हळूच बाजूला काढून त्याचा वायरलेस काढून घेतात आणि बाहेरच्यांना तो बेपत्ता झाल्याचे कधी लक्षात येते, ते पाहत उभे राहतात. यासाठी वेगळा खर्च लागत नाही. नुकत्याच आलेल्या आगीच्या वर्दीवर गेलो असता जे अडले, तेच पुढच्या सरावाला घ्यायचे, हाही त्यांचा शिरस्ता आहे आणि तो मला सर्वांत उपयोगाचा वाटतो.

दृष्टी झाकून होज (पाण्याची नळी) चाचपत बाहेर येण्याचा सराव आम्ही स्टेशनच्या गाडीखान्यातच करतो. बीए सेटच्या, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायच्या हवेच्या संचाच्या, मुखवट्यावर डोक्याचे कापडी आवरण उलटे चढवले की काही दिसत नाही. मग गुंतलेल्या होजवर रांगत जाऊन जोडणी शोधायची आणि हातमोज्यातूनच ओळखायचे की बंब कोणत्या दिशेला आहे. येथील आट्यांच्या (फिरवून बसवायच्या) जोडणीत मेल, म्हणजे आत शिरणारी, बाजू बंबाकडच्या होजची असते. आपल्याकडच्या खटक्याच्या जोडणीत हे नेमके उलट, म्हणजे फिमेल, आत घेणारी, बाजू बंबाकडच्या होजची असते. त्यामुळे हा सराव घ्याल तेव्हा इकडच्या पुस्तकातील वाक्य तसेच्या तसे वापरू नये, ही विनंती.

दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक सरावामागे कोणाचा तरी जीव गेलेला असतो आणि ते जवानांना सांगितले पाहिजे. १९९२ मध्ये डेन्व्हर शहरात एक फायरमन वरच्या मजल्यावर कपाटांमधल्या अरुंद बोळात कोसळला. सहकारी खिडकीतून त्याच्यापर्यंत पोहोचले, परंतु जागा इतकी चिंचोळी होती, की बरीच खटपट करूनही त्यांना त्याला उचलता आले नाही. त्या जागेच्या मापाचा प्लायवूडचा सांगाडा आज कित्येक दलांत आहे: रुंदी २८ इंच आणि खिडकीची कड जमिनीपासून ४२ इंच. एकाने खिडकीखाली भिंतीला पाठ टेकून, गुडघे उभे धरून बसायचे, बेशुद्ध सहकाऱ्याला त्या गुडघ्यांवर ओढून घ्यायचे आणि दुसऱ्याने पायांकडून रेटा द्यायचा. त्या सांगाड्यात उतरल्यावर कोणी घड्याळाकडे पाहत नाही. आमच्याच राज्यातील हॅकेनसॅक येथे १ जुलै १९८८ रोजी मोटारींच्या एका दालनाचे कमानी कैच्यांचे (कमानीच्या आकाराच्या लाकडी सांगाड्यांवर पेललेले) छत कोसळून पाच जवान गेले. त्यांतील दोघे अडकलेल्या जागेतून वायरलेसवर मदत मागत राहिले आणि ती हाक वेळेत पोहोचली नाही. वायरलेसवरून मदत मागण्याचा सराव एरवी पोरकट वाटतो, पण हे ऐकल्यावर तसा वाटत नाही.

एक आकडा मी नव्या जवानांना आवर्जून सांगतो. २००१ मध्ये फिनिक्समधील एका सुपरमार्केटच्या आगीत एक फायरमन मृत्युमुखी पडला. त्यानंतर तेथील दलाने मोठमोठ्या इमारतींत वारंवार चाचण्या घेतल्या, तेव्हा एका अडकलेल्या जवानाला बाहेर काढण्यासाठी सुमारे बारा जण लागतात आणि सोडवायला गेलेल्या पाचांपैकी एक स्वतःच अडचणीत येतो, असे आढळले.

सराव जिवंत करण्याच्या भरात तो जीवघेणा होऊ नये, याची काळजी मात्र आपण घ्यालच. २००१ मध्येच न्यूयॉर्क राज्यात जुन्या घराला आग लावून घेतलेल्या सरावात, अडकलेल्या माणसाची भूमिका करण्यासाठी वर झोपवलेला नवखा स्वयंसेवक खरोखरच मरण पावला आणि तो सराव घेणारा अधिकारी न्यायालयात दोषी ठरला. खऱ्या आगीच्या सरावासाठी येथे जे मानक पाळतात, त्यानुसार आत जिवंत माणूस ठेवता येत नाही, ज्वलनशील द्रव वापरता येत नाही आणि आग लावण्यापूर्वी सर्वांना ती जागा आतून फिरून दाखवावीच लागते.

अनुभवी जवानांविषयीही आपण लिहिले होते. त्यांचा अनुभव खरा आहे, पण घरातील सामान बदलले आहे. येथील प्रयोगशाळेत फोमच्या गाद्या आणि कृत्रिम कापड असलेली आजची खोली चार मिनिटांच्या आत संपूर्ण पेटली, तर लाकूड व कापसाच्या जुन्या सामानाच्या खोलीला त्यासाठी अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. त्या प्रयोगाचे चित्रण त्यांना दाखवावे आणि त्यानंतर पेटलेल्या खोलीचे दार उघडण्याचा सराव त्यांनाच नव्या मुलांना शिकवायला सांगावे; शिकवणारा माणूस कंटाळत नाही, हे आपण जाणताच.

१४ एप्रिलला आपल्याकडे मानवंदना होते. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाच्या स्फोटात ६६ जवान गेले, हे प्रत्येकाला पाठ असते. परंतु त्या जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र होती, ही माहिती पहिल्या बंबावरील माणसाला कधी मिळाली असती आणि मिळाल्यावर त्याने काय केले असते, यावर त्या दिवशी तासभर चर्चा घ्यावी, असे मला मनापासून वाटते. पुढे हाच प्रश्न आपल्या हद्दीतील रसायनांच्या एखाद्या गोदामाबाबत विचारता येईल.

प्लायवूडच्या सांगाड्याची सर्व मापे आणि हाताने काढलेली आकृती सोबत जोडली आहे. गावातील सुताराकडून तो करवून घेता येईल. फक्त कडा घासून घ्याव्यात आणि पहिले काही दिवस बीए सेट न लावता सराव घ्यावा. आपल्या वर्गात किती जवान आहेत आणि चालू स्थितीतील बीए सेट किती, ते कळवावे, म्हणजे त्या बेताने पुढचे सराव लिहून पाठवीन.

काकूंना साष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला पुतण्या