दुकानवाल्या मामांबद्दल

प्रिय आई-बाबा,

गेल्या मंगळवारी फोनवर बाबा तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, "मामा गेले गं, काल पहाटे" आणि लगेच गॅस सिलेंडर अजून आला नाही म्हणून बोलायला लागलात. मी पण हं हं करत फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. आज आठ दिवस झाले, रोज बोलतोय पण तुम्ही विषय बदलताय, म्हणून लिहूनच काढते. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव त्यांना.

मला बॉयकटसाठी मामांच्या कटिंगच्या दुकानात न्यायला लागलात तेव्हा मी पाच वर्षांची असेन. आईची तक्रार, पोरीला कुठं बापय माणसांच्या दुकानात नेताय. पण मला ते दुकान लई आवडायचं, भिंतीवर एका बाजूला संत सेना महाराज, दुसऱ्या बाजूला शाहू महाराज आणि मधोमध पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमचा फोटो, त्याला पण हार. खुर्चीच्या दोन हातांवर लाकडी पाटी टाकून मामा मला वर बसवायचे आणि एकदम सिरीयस आवाजात सांगायचे, "मान हलली की कान माझा. त्या पावडरच्या डब्यात आधीच सात हायत." मी श्वास पण घ्यायची नाही. एकदा कटिंग झाल्यावर धाडस करून म्हटलं दाखवा की मामा, तर डबा उघडला आणि आत लिमलेटच्या गोळ्या. त्यानंतर दर वेळी निघताना विचारायचे, "कान खाणार न्हवं?"

आणि बाबा, तुमचं आणि मामांचं फुटबॉल! तुम्ही शिवाजी तरुण मंडळवाले, ते पाटाकडीलचे, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर या दोन टीमची मॅच झाली की दुसऱ्या दिवशी मुद्दाम दाढीला जायचात तुम्ही. फेस लावून, वस्तरा गळ्याशी आणून ते थांबायचे, "हां मास्तर, आता सांगा, पेनल्टी होती का न्हवती?" सगळं दुकान हसायचं आणि तुम्ही डोळे मिटूनच म्हणायचात, नव्हती! एवढं धाडस तुम्ही हेडमास्तरांसमोर पण दाखवलं नसेल.

पण मला सगळ्यात जास्त आठवतात ते तुमचे पांढरे केस. मामांनी त्यांना नावं ठेवलेली. हा घराच्या हप्त्याचा, हा पोरीच्या बारावीचा, हा वहिनींच्या ऑपरेशनचा. २००६ ला मी नोकरीला पुण्याला आले, त्यानंतर पहिल्यांदा सुट्टीला आले तर मामा दारातनंच ओरडले, "ताई, तुमच्या पुण्यानं एका म्हैन्यात आख्खी कानशिलं पांढरी केली बघा!" तुम्ही मला फोनवर कधीच काही म्हणाला नव्हता बाबा. मला ते मामांकडनं कळलं.

महापुराचं तर तुम्हीच सांगितलेलं. २०१९ चा ऑगस्ट, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं ५५ च्या वर, शाहूपुरीत दुकानात छातीएवढं पाणी, आरसे गेले, खुर्चीचं स्प्रिंग गंजलं. आणि हा माणूस पेटी घेऊन पूरग्रस्तांच्या शिबिरात. लोक जेवण देतायत, चादरी देतायत, मामा सकाळपासून फुकट दाढ्या करतायत. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "पोट भरलं तरी चार दिवसांची दाढी घेऊन माणूस माणसात येत न्हाई." लॉकडाऊनमध्ये तीन महिने शटर बंद होतं आणि जूनच्या शेवटी परवानगी मिळाली ती फक्त कटिंगची, दाढीला नाही, तर म्हणे, "सरकारनं डोकं उघडलंय मास्तर, तोंड अजून बंदच!" हसवताना त्यांच्या घरात पैशाची काय ओढाताण होती ते आईला माहीत होतं, मला नंतर कळलं.

गेल्या वर्षी तुमचा पाय मोडल्यापासून दर रविवारी दोन जिने चढून ते घरी यायचे, स्वतःचे गुडघे दुखत असताना. आई सांगत होती, दाढी वीस मिनिटांची आणि गप्पा दोन तास, पैसे दिले की पोह्यांच्या प्लेटखाली ठेवून जायचे. त्या रविवारी पण आले, दाढी केली, चहा घेतला, आणि सोमवारी पहाटे झोपेतच.

आई म्हणाली, मामा गेल्यापासून तुम्ही दाढीला हात लावू देत नाही. आणि रक्षाविसर्जनाला डॉक्टरांचं न ऐकता काठी टेकत पंचगंगेवर गेलात. चांगलं केलंत. दर होळीला पेठेत फिरून स्मशानभूमीसाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, गोळा करायचे ना मामा, मी लहानपणी त्यांच्या हातगाडीमागनं पळालेय. त्यांना पण त्याच शेणी लागल्या असतील, हे मनातनं जातच नाहीये.

बाबा, चाळीस वर्षांत तुमच्या चेहऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. मी तुम्हाला दाढी करा म्हणून ओरडणार नाही. पण काल मी त्यांच्या मुलाला फोन केला. तो राजारामपुरीत एका मोठ्या सलूनमध्ये कामाला आहे, शनिवारी उत्तरकार्य झालं की रविवारी वडिलांचं शटर उघडतो म्हणाला, रविवारचा दिवस तरी दुकान चालवायचंय त्याला. म्हणाला, "ताई, पयला हात मास्तरांनाच लावतो, पर ते यायला पायजेत."

मी शुक्रवारी रात्रीच निघते. रविवारी आठ वाजता रिक्षा सांगितलीय. आई, तू पण चल, एवढ्या वर्षांत तू कधी पायरी चढली नाहीस त्या दुकानाची, आपण दोघी बाकावर बसू. पावडरचा डबा अजून तिथंच आहे म्हणाला, मी म्हटलं, उघडू नको, मी येतेय.

तुमची,
ताई